दोन खोल्या आणि एक पडवी : केंद्र सगळ्यांचं एकच, की ज्याचं त्याचं?

सुरंगी — ४ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:१०

मंडळी, सल्ला हवाय. उपदेश नको, तो आमच्या कमिटीत पोत्यानं आहे.

मी निवृत्त परिचारिका, मुक्काम रत्नागिरी. आमच्या भागातल्या एका जुन्या ट्रस्टनं तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढची पडवी तीन वर्षांसाठी वापरायला दिली आहे. भाडं नाही, वीजबिल आपलं. तिथे एक केंद्र सुरू करायचं ठरतंय. कुणासाठी, यावर गाडी अडली आहे.

हे डोक्यात कशामुळे आलं ते सांगते. आमच्या आळीमागे एक मुलगी राहते, बावीस-तेवीस वर्षांची. बौद्ध कुटुंबातली, जन्मापासून ऐकू येत नाही, शेडवर कोळंबी सोलायला जाते. किलोमागे पैसे. तिथला मुकादम त्रास द्यायला लागला. आई तिला घेऊन एका कार्यालयात गेली, तर म्हणाले हे बाईमाणसाचं प्रकरण, इथे नाही. दुसरीकडे म्हणाले, ही काय सांगते ते आम्हाला कळत नाही, अपंगांच्या विभागात जा. तिथे कार्ड मागितलं. कार्ड होतं, पण असल्या तक्रारी ते घेत नाहीत. चौथ्या ठिकाणी प्रश्न आला, "मुकादम जातीवरून काही बोलला का?" आता बोलला असेल तरी हिला ऐकू कुठलं येणार!

चार दारं, चार दिवसांची मजुरी बुडाली, आणि मुलगी परत त्याच शेडवर.

कमिटीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, महिलांचं वेगळं, बौद्धवाडीचं वेगळं, अपंगांचं वेगळं, वार वाटून द्या. दुसरा म्हणतो, सगळ्यांना एकच दार. ज्यांनी असं काही चालवलंय किंवा अशा ठिकाणी जाऊन आलेत, त्यांनी लिहा.

तिरफळ — ४ नोव्हेंबर, ९:३४

पहिला प्रश्न : चहा कोण करणार? आमच्या तीन मंडळांत फूट चहावरनं पडली आहे.

हापूसवाला — ४ नोव्हेंबर, १०:०२

ताई, हेतू चांगला आहे. पण प्रत्येक गोष्टीत जात आणायलाच हवी का? कोकणात हे प्रकार घाटावरसारखे कधीच नव्हते. गणपतीत अख्खा गाव एकमेकांच्या घरी जातो. शिवाय सरकारची बायकांसाठीची 'सखी' केंद्रं २०१५पासून आहेत, १८१ हा मदतीचा नंबर आहे. त्या मुलीला तिथे न्या, प्रश्न मिटला. नवं केंद्र म्हणजे नवी कमिटी आणि नवी भांडणं.

चवदार — ४ नोव्हेंबर, १०:४१

@हापूसवाला, गणपतीला सगळे येतात हे खरं. आरती झाल्यावर पंगतीत कोण कुठे बसतं तेवढं एकदा बघा.

मी महाडचा. आमच्या गावची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, पण तिची अर्धी बाजू विसरली जाते. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेनं १९२४मध्ये आपलं तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. कागदावर तळं खुलं झालं, पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या दिवशी परतणाऱ्या लोकांनी मार खाल्ला.

त्यामुळे "सगळ्यांना एकच दार" ऐकलं की मी विचारतो, दार उघडं आहे हे ठीक, पण आत पाऊल टाकायची हिंमत कुणाला होणार आहे?

मोदकभक्षक — ४ नोव्हेंबर, १०:४४

चवदार यांना मोदक. आणि वाखुसा (वाचनखूण साठवली).

नाखवा — ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

बोटीवरून आत्ताच उतरलो, थोडक्यात लिहितो. यादीत नेपाळी खलाशी धरलेत का? आमच्या बंदरात बोटींवर निम्मी पोरं तिकडची. जून-जुलैच्या बंदीत गावी जातात, ऑगस्टात परत. १९५०च्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, पण राशनकार्ड नाही, मत नाही, म्हणून कुणाला त्यांची गरज नाही. आता काहीजण बायकापोरं घेऊन राहायला लागलेत. एका खलाशाच्या मुलाला शाळेत "जन्मदाखला आणा" म्हणून दोनदा परत पाठवलं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं शिक्षणहक्क कायद्यातच आहे. मला हे माहीत होतं का? नव्हतं. माझ्या भाचीनं सांगितलं, मग मी शाळेत जाऊन बसलो. मी बोलल्यावर पाच मिनिटांत काम झालं. त्याचा बाप आठवडाभर तेच सांगत होता, हिंदीत.

इलिंगची वहिनी — ५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी मूळची गुहागरची, वीस वर्षं लंडनच्या पश्चिमेला. सुरंगीताईंचा प्रश्न आमच्या इथे थेट कोर्टात गेला होता, म्हणून लिहिते.

साउथॉलमध्ये 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही १९७९पासूनची संस्था आहे. आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांसाठी काम करते. घरात मार, बाहेर वर्णद्वेष, आणि त्यावर व्हिसा नवऱ्याच्या हातात, अशी तिहेरी गाठ असलेल्या बायका तिथे जातात. २००८मध्ये इलिंगच्या कौन्सिलनं (म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, ती या संस्थेला पैसा द्यायची) सांगितलं, एका गटासाठी वेगळा पैसा देणं म्हणजे इतरांवर अन्याय, आता सगळ्या बायकांसाठी एकच सेवा. हापूसवाला म्हणतात तसंच जवळजवळ. दोन बायका कोर्टात गेल्या. सुनावणी सुरू असतानाच कौन्सिलनं माघार घेतली, तरीही न्यायाधीशांनी निकाल लिहिला : विशेष गटासाठीची सेवा आणि समाजाची एकजूट या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी नाहीत.

म्हणजे तुमचा "वेगळं" म्हणणारा पक्ष बरोबर, असं वाटेल. पण गंमत अशी की ती संस्था वेगळी असूनही आतून मिसळलेली आहे. पंजाबी, गुजराती, बंगाली, सोमाली, सगळ्या एका छताखाली. जातीधर्माची वेगळी केंद्रं काढली असती तर पहिल्याच दिवशी जातबांधव येऊन म्हणाले असते, "वहिनी, घरचं भांडण घरात मिटवू."

चिरेखाण — ५ नोव्हेंबर, ४:२०

वहिनी, शेवटचं वाक्य शंभर टक्के.

सुरंगीताईंच्या चार दारांवरून आठवलं. अमेरिकेत किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९मध्ये याच अनुभवाला, एकाच माणसावर दोन-तीन भेदभाव एकमेकांत गुंतून येण्याला, इंटरसेक्शनॅलिटी असं नाव दिलं. त्यांनी घेतलेलं एक उदाहरण १९७६च्या खटल्याचं : काळ्या बायका जनरल मोटर्सविरुद्ध कोर्टात गेल्या, तर कोर्ट म्हणालं, कंपनी बायका घेते (त्या गोऱ्या, ऑफिसात) आणि काळी माणसंही घेते (ते पुरुष, कारखान्यात), मग भेदभाव कुठला? दोन तक्रारींची मोळी बांधता येणार नाही. आपल्या मुलीला चार टेबलांवर वेगळं काय सांगितलं?

आमच्याकडचा नमुना ऐका. चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातून मजूर येतात. त्यांतले बरेच तिकडे अनुसूचित जातीतले. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी इथे तिकडचा दाखला चालत नाही, कारण स्थलांतरानं दुसऱ्या राज्यात आलेल्याला तिथे त्या जातीचा लाभ नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९०मध्ये सांगितलंय. दाखला घाट उतरत नाही. जात मात्र बरोबर उतरते. खोली भाड्यानं बघायला गेले की तीच विचारतात.

मालवणी खाजा — ५ नोव्हेंबर, ५:०५

ह्या सगळा वाचून माका एकच कळला, जागा गावली हा पण नाव नाय. नाव काय ठेवतास? 'समाजमंदिर' नको हां. आमच्या वाडीतल्या समाजमंदिरात समाज पण नाय नि मंदिर पण नाय, सिमेंटाच्यो गोणी असत.

तिरफळ — ५ नोव्हेंबर, ५:१२

'सेतू' छान होतं, ते सरकारनं दाखल्यांना घेतलं. पडवीत भरणार आहे तर 'पडवी'च ठेवा! कोकणी, मोकळं, वारा येणारं.

मोदकभक्षक — ५ नोव्हेंबर, ५:१३

पडवी +१

हापूसवाला — ५ नोव्हेंबर, ५:४०

पडवी झकास. बघा, असं काहीतरी सगळ्यांना जोडणारं हवं.

रातांबा — ५ नोव्हेंबर, रात्री ११:२८

बरेच दिवस फक्त वाचतेय, आज लिहावं लागतंय.

माझी आजी खेडजवळच्या गावातली. तिच्या लेखी कोकणातलं घर म्हणजे वास्तुशास्त्र नव्हतं, हद्द होती. खळ्यापर्यंत कोण, पडवीच्या पायरीपर्यंत कोण, ओटीवर कोण, माजघरात कोण, हे न सांगता ठरलेलं. आजी लावणीला जायची त्या घरी तिला खळ्यात बसवून करवंटीतून चहा मिळायचा. करवंटी तिनं स्वतः धुवून कुंपणात खोचून ठेवायची, उद्यासाठी. पाणी वरून ओंजळीत. घरातली माणसं वाईट नव्हती, असं ती आवर्जून सांगायची. आजारी पडली तेव्हा त्याच घरातून पेजेला तांदूळ आले होते. खळ्यात ठेवून गेले.

माझे बाबा शिकले, आम्ही शहरात आलो, मी बँकेत आहे. मागच्या वर्षी त्या घरातल्या लग्नाला बोलावणं होतं म्हणून गेले. छान स्वागत झालं. पडवीत खुर्ची दिली. आत चला, असं कुणी म्हणालं नाही, आणि माझे पाय आपोआप उठले नाहीत.

तुम्हाला 'पडवी' म्हणजे वारा आठवतो. आठवू दे, तुमची चूक नाही. पण पाटीवर ते नाव बघून बौद्धवाडीतली बाई काय वाचेल, तेवढा विचार करा.

तिरफळ — ५ नोव्हेंबर, ११:५२

रातांबा, नाव मागे घेतो. गमतीत बोललो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोदकभक्षक — ६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

पडवी -१. मग 'माजघर'?

बाणकोटची सून — ६ नोव्हेंबर, १०:३०

माजघर नको बाबा, माजघरातून बाहेर पडायलाच तर केंद्र हवंय! :)

मी कोकणी मुसलमान. लग्नानंतर रत्नागिरीत. माझा मुद्दा वाराचा आहे. सगळ्यांना एकच दार, तत्त्व म्हणून मला मान्य. पण आमच्या मोहल्ल्यातल्या दहा बायकांपैकी आठजणींना घरून परवानगी मिळते ती "फक्त बायका असतात" या एका वाक्यावर. ते वाक्य खरं ठेवा. दुपारी दोन ते चार, पुरुष नाहीत, असा एक वार द्या. त्या आधी शिवणकामाच्या नावानं येतील. खरं काय ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला, मशीनच्या आवाजात बोलतील.

आणि बाहेरचंही ऐका. शिक्षिका म्हणून चांगली नोकरी असताना मला खोली मिळायला पाच महिने लागले. फोनवर आवाज ऐकून "या बघायला", नाव सांगितलं की "कालच गेली हो". घरात बाई म्हणून ऐकायचं, बाहेर मुसलमान म्हणून. केंद्रात तरी यातलं एक दाराबाहेर ठेवून या असं कुणी म्हणू नये.

हापूसवाला — ६ नोव्हेंबर, ११:०५

पण मग वार वाटताच ना शेवटी? हेच मी म्हणत होतो, तुमचं तुम्हालाच पटत नाही. आणि हे सगळं नवं आहे असंही नाही. पतितपावन मंदिर रत्नागिरीत १९३१ साली उभं राहिलं, भागोजीशेठ कीरांच्या पैशानं, सर्व जातींना प्रवेश. सावरकर इथे स्थानबद्ध असतानाचं. आपल्या गावाला शिकवायची गरज नाही.

चवदार — ६ नोव्हेंबर, ११:३०

मंदिराबद्दल वाद नाही, मोठंच काम होतं. पण भंडारी समाजातल्या एका माणसाला स्वतःच्या खिशातून नवं देऊळ बांधावं लागलं, कारण जुन्या देवळांची दारं मिटलेली होती, ही त्यातली अर्धी गोष्ट. बाकी सावरकर-आंबेडकर सुरू करू नका, धागा द्विशतकी होईल नि केंद्र राहील बाजूला.

संपादक मंडळ — ६ नोव्हेंबर, १:००

यानंतरचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. ऐतिहासिक व्यक्तींसाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत.

दर्याची लेक — ६ नोव्हेंबर, रात्री १०:४६

मी तृतीयपंथी. इथे दुसऱ्या नावानं पाककृती लिहिते. काहींनी माझी तिखलं करून खाल्लीसुद्धा आहेत.

कायदा आमच्याबाजूनं आहे. तृतीयपंथींना ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा नालसा निकाल, आमच्या हक्कांचा २०१९चा कायदा. पोर्टलवर अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र द्यायचं, जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र. नियमात ३० दिवस. मला सात महिने लागले, कारण ज्या टेबलावर कागद पोचला तिथल्या साहेबांना असा कायदा आहे हेच माहीत नव्हतं. मी प्रिंट काढून दिली, तेव्हा ते हात न लावता म्हणाले, "ठेवा तिथे."

केंद्र काढताय तर मला काय हवं ते सांगू? फॉर्म भरायला माणूस हवा, ते आहेच. पण त्याआधी दुपारी दोन तास पाठ टेकायला जागा. सकाळपासून गाडीत, बाजारात उभं राहिल्यावर या शहरात मला बसता येईल अशी फुकट जागा नाही. आणि संडास. बायकांच्या संडासात गेले की आरडाओरडा, पुरुषांच्यात गेले की त्याहून वाईट. मी घराबाहेर असले की पाणी पीत नाही. मुतखडा दोनदा झाला. एकाच कडीचा, पाटी नसलेला, चालू संडास असेल तर मी रोज येईन. जातीचं म्हणाल तर ती आमच्या डेऱ्यातही विचारतात, ते दुःख वेगळं, पुन्हा कधीतरी.

बाणकोटच्या सूनबाई, तुमच्या बायकांच्या वारी मी आले तर चालेल का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

बाणकोटची सून — ७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

रात्रभर विचार केला. मला चालेल. माझ्या सासूला विचारलं. ती म्हणाली, "ती शिवते का?" शिवत असाल तर या.

दर्याची लेक — ७ नोव्हेंबर, ७:४१

फॉल-पिको करते. ब्लाउज नको, माप चुकतं.

रातांबा — ७ नोव्हेंबर, १२:१०

सुरंगीताई, मूळ मुद्द्यावर येते. त्या मुलीसाठी : २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिला लिहिता येत नसेल तर लेखी तक्रार तयार करायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. ती स्वतः तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीणही करू शकते. घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे, उशीर करू नका.

आणि "एक की वेगळं" यावर माझं मत : वार वेगळे चालतील, वही एकच हवी. त्या मुलीला चार दारांनी परत पाठवलं कारण चार वह्या होत्या आणि तिचं नाव एकीतही आलं नाही. जो पहिला तिचं ऐकेल त्यानं शेवटपर्यंत बरोबर जायचं. नाखवांनी शाळेत जाऊन केलं तसं. आणखी एक, किल्ली कुणाकडे असणार? आमच्या वाडीतल्या सभागृहाची किल्ली कायम 'अध्यक्षांच्या घरी' असते. मागायला जायचं म्हणजे परत कुणाच्यातरी खळ्यात उभं राहायचं.

नाखवा — ७ नोव्हेंबर, ५:३०

किल्लीचं लाखमोलाचं बोललात.

हापूसवाला — ८ नोव्हेंबर, ९:१५

मला तुमचं सगळं पटलेलं नाही आणि पटेल असंही वाटत नाही. पण मी तीस वर्षं बांधकामात काढली. ताई, तळमजला म्हणालात, पायऱ्या किती? एक इंच उंचीला बारा इंच लांबी हा उताराचा हिशेब धरा. दीड फुटाचं जोतं असेल तर अठरा फूट लागतील, सरळ बसणार नाही, वळवावा लागेल. माझी आई शेवटची चार वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. गावातल्या एकाही हॉलमध्ये आम्हाला तिला नेता आलं नाही, नातीच्या लग्नालासुद्धा. चिरे मी देतो. संडासाची कडी पण बघून घेतो.

मालवणी खाजा — ८ नोव्हेंबर, ९:२०

हापूस पिकाक लागलो!

हापूसवाला — ८ नोव्हेंबर, ९:२६

आढीत घालू नका.

सुरंगी — १९ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

उशिरा लिहितेय, माफ करा. केंद्र १ डिसेंबरला सुरू झालं. उद्घाटन केलं नाही, नाहीतर रिबन कुणी कापायची यावर अजून बैठकी चालल्या असत्या.

किल्ल्या तीन केल्या. एक माझ्याकडे, एक बौद्धवाडीतल्या एका ताईंकडे, एक कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे, कारण तोच पहाटेपासून जागेवर असतो. मंगळवार दुपार बायकांची. पहिल्या मंगळवारी चौघी आल्या, परवा अकरा. फॉल-पिकोचं काम आलंय, दर ठरलाय, पाककृतीवाली आपली मैत्रीण हिशेब चोख ठेवते. वही एक. नेपाळी मुलांची शनिवारी अक्षरओळख सुरू आहे, शिकवणारी नाखवांची भाची. ती एका शनिवारी आली नाही तेव्हा वर्ग बंद होता, हेही सांगायला हवं. अपंगांच्या निधीसाठी नगरपालिकेत अर्ज केलाय, उत्तर नाही. कमिटीतल्या दोघांनी राजीनामा दिला. एकानं "धंदे वाढतील" असं म्हणून, त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्यावर घरून दबाव आला.

मुलीची तक्रार स्थानिक समितीकडे गेली आहे, तीन महिने संपायला नऊ दिवस राहिले होते. पहिली सुनावणी झाली. खुणांची भाषा जाणणाऱ्या बाई दुसऱ्या जिल्ह्यातून बोलवाव्या लागल्या, एसटीचं भाडं आम्ही दिलं. निकाल अजून नाही. ती शेड बदलून कामाला जाते.

नाव ठरलेलं नाही. पाटीवर फक्त वेळ लिहिली आहे, आणि खाली "संडास चालू आहे". येणाऱ्यांतले निम्मे त्यासाठीच येतात.

आणि मंगळवारी ती मुलगी बायकांना खुणा शिकवते. पाणी, पैसे, पोलीस, घरी जायचंय. मुकादमासाठी तिनं स्वतःची एक खूण केली आहे, नाक दाबून दोन बोटांनी मिशी ओढायची. जुन्या शेडवरच्या सगळ्या बायका ती आता सर्रास वापरतात, त्याच्यासमोरसुद्धा. त्याला वाटतं माशांचा वास येतोय.

तिरफळ — १९ डिसेंबर, ९:५८

चहा कोण करतं ते अजून सांगितलं नाहीत.

सुरंगी — १९ डिसेंबर, १०:०३

ज्याला हवा तो. कप सगळे स्टीलचे, एकसारखे. रातांबांनी आणून दिलेत.